एक दाता वाढवून काय कमावलं?

थोडं लांब लिहिणार आहे. ज्याला वेळ नसेल त्याने पुढे सरकावं. पण ज्याच्या दारात मोठी गाडी उभी आहे, किंवा ज्याचा पोट्टा मोठ्या गाडीसाठी घर डोक्यावर घेऊन राह्यला, त्याने शेवटपर्यंत वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर वाचून झाल्यावर द्या.

गेल्या पंधरा दिवसांत तीन जणांनी मला एकच रील पाठवली. एक पोरगा गॅरेजात बसून हातात लोखंडी चक्र फिरवतो आणि सांगतो, "हिमालयनमध्ये पुढचं स्प्रॉकेट १५ चं काढा, १६ चं टाका. गाडी बदलून जाते भाऊ. हायवेला मक्खन." खाली आपल्याच भागातल्या पोरांच्या कमेंटी. "वणीत कुठे भेटते?" "पांढरकवड्यात कोण टाकून देते?" एकाने तर मलाच टॅग केलं, "दादांना विचारा, त्यांच्या गाडीला आहे."

होती. आता नाही. काढून टाकलं. का काढलं ते सांगायलाच ही पोस्ट.

आधी ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी. मोटरसायकलच्या इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून बाहेर येतो आणि एका छोट्या दातेरी चक्रावर पोचतो. ते पुढचं स्प्रॉकेट. तिथून चेन मागच्या चाकावरच्या मोठ्या चक्रावर जाते. ते मागचं स्प्रॉकेट. जुन्या ४११ सीसी हिमालयनमध्ये पुढे १५ दाते, मागे ३८. म्हणजे पुढचं चक्र अडीच वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. पहिला गियर असो की पाचवा, सगळ्यांना शेवटी याच दारातून जावं लागतं. म्हणून याला फायनल रेशो म्हणतात.

सायकल आठवा. वजन घेऊन चढावर निघालं की मागचं चक्र मोठं असलेली सायकल बरी वाटते. पाय भराभर फिरतात, पण सायकल चढते. उलट पुढचं चक्र मोठं केलं की सपाट रस्त्यावर एका पायडलात लांब जाता, मात्र चढ आला की उतरून ढकलावी लागते. मोटरसायकलचंही हेच. पुढे एक दाता वाढवला की त्याच आरपीएमला गाडी जास्त पळते, आणि चाकावर येणारा जोर कमी होतो. एक दाता कमी केला की उलटं.

हिशोब सोपा आहे, कागदावर करून पाहा. १५ चे १६ केले की त्याच आरपीएमला ८० चा वेग साधारण ८५ होतो. आणि चाकावरचा जोर सोळात एक, म्हणजे सहा टक्क्यांच्या थोडा वर, कमी होतो. पुढचा एक दाता म्हणजे मागचे जवळपास अडीच दाते. म्हणून गॅरेजवाले पुढचं बदलतात. स्वस्त पडतं, लवकर होतं.

"सहाच टक्के ना दादा, त्याने काय होते?"

हाच प्रश्न मीही विचारला होता. मला मिळालेलं उत्तर आता सांगतो.

माझी गाडी सेकंडहँड घेतलेली. बातमीदारीच्या मानधनात नवी येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. झरीची पंचायत समिती, वणीचं कोर्ट, कधी यवतमाळ, कधी आदिलाबाद, असा माझा फिरता धंदा. पाचव्या गियरमध्ये ८५-९० च्या वर हँडलला मुंग्या येतात ही तक्रार मीही करत होतो. एका मिस्त्रीने (नाव घेणार नाही, माणूस चांगला आहे) म्हटलं, "भाऊ, एक दाता वाढवून देतो. मंग पाहा गाडी कशी पळून राह्यली थे." मी म्हटलं, दे टाकून.

पहिले आठ दिवस मी खूश होतो. करंजीकडून ४४ नंबर हायवेला लागलो आणि पाटणबोरीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. इंजिन शांत, हात शांत. मी स्वतः दोघांना सांगितलं की टाकून घ्या. ते दोघं ही पोस्ट वाचत असतील तर त्यांची माफी आधी मागतो.

मग दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. वणीहून मुकुटबनला येत होतो. मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा. गाडीच १९९ किलोची, त्यात आम्ही दोघं आणि सामान, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घरात. कायर मागे पडलं. समोर सिमेंटचा बल्कर, ५० च्या आसपास. रस्ता तुम्हाला माहीत आहे. दोन पदर, कडेला भरावाची माती, त्यावर कोळशाची काळी धूळ. पुढे रिकामं दिसलं. मी पाचव्यातच होतो. थ्रॉटल पिळलं.

गाडी गुरगुरली. पुढे गेली नाही असं नाही, पण जशी जायला पाहिजे तशी गेली नाही. बल्करच्या मधल्या चाकांपाशी पोचलो आणि समोर दोन दिवे उगवले. त्या क्षणी माणूस गियर पाडतो. मीही चौथा टाकला, पण तोवर दीड-दोन सेकंद गेले होते. मागे जायला जागा नाही, कारण बल्करच्या मागे दुसरी गाडी चिकटलेली. पुढे जायला जोर नाही.

त्या बल्करच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला. एवढंच झालं. त्याने ब्रेक मारला, मला समोर जागा झाली, मी आत शिरलो. समोरचा हायवा हॉर्न वाजवत निघून गेला. बायकोने माझ्या खांद्यात रुतवलेली बोटं मुकुटबन येईपर्यंत सोडली नाहीत.

पुढे चहाच्या टपरीवर मी थांबलो. बल्कर मागून आला, तोही थांबला. मी हात जोडले. तो तेलंगणाकडचा माणूस, हिंदीत बोलला. "भैया, गाडी इतनी बड़ी, और दम नहीं है क्या?"

दम होता. मीच काढून ठेवला होता. एका दात्यापोटी.

आता सहा टक्क्यांचा हिशोब. तो नीट मांडायला मला पुढे बरेच दिवस लागले.

समजा तुमचा पगार शंभर रुपये. पंच्याहत्तर घरखर्चात जातात, पंचवीस उरतात. उद्या पगार सहा रुपयांनी कमी झाला. तुम्ही म्हणाल, सहाच टक्के गेले. पण घरखर्च तर कमी झाला नाही. सहा रुपये गेले ते बचतीतून. पंचवीसचे एकोणीस झाले, म्हणजे बचतीतला जवळपास पाव भाग गेला.

गाडीचं हेच आहे. भरल्या गाडीचा बराचसा जोर वारा कापण्यात आणि वजन ओढण्यातच जातो. वेग वाढवायला जो वापरता येतो तो फक्त उरलेला जोर. ओव्हरटेक होतो तो या उरलेल्या जोरावर. दाता वाढवला की कपात थेट त्या शिलकीतून होते. म्हणून एकट्याने, मोकळ्या हायवेवर, सरळ रेषेत गाडी चालवणाऱ्याला काही कळत नाही. ज्याच्या मागे बायको आणि बॅगा आहेत आणि समोर बल्कर आहे, त्याला कळतं.

आणखी एक हिशोब. बल्कर समजा १५ मीटर लांब. मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा ४५ मीटर जास्त जायचं आहे. तो ५० ने चालला, तुम्ही सरासरी ७० ने. तर आठ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही दीडशे मीटरच्या वर गेलात. समोरून ६० ने येणारा सव्वाशेच्या वर आला. म्हणजे जवळपास २९० मीटर रस्ता मोकळा पाहिजे. आता जोर कमी पडला म्हणून तुमची सरासरी ७० ऐवजी ६७ आली. फक्त तीनचा फरक. तरी वेळ साडेनऊ सेकंदांवर गेला आणि मोकळा रस्ता लागला ३३५ मीटर. म्हणजे ४५ मीटर जास्त. तीन बल्कर एकामागे एक उभे राहतील एवढी जागा. वणी-मुकुटबन रस्त्यावर संध्याकाळी एवढा मोकळा तुकडा किती वेळा सापडतो ते तुम्हीच सांगा.

आता तुमचे मुद्दे घेतो. मेसेजवर येतातच, म्हणून आधीच घेतो.

"दादा, ओव्हरटेकच्या आधी गियर पाडायचा, चौथ्यात मारायचा." शंभर टक्के बरोबर. गियर न पाडता पिळलं ही माझी चूक होती, कबूल. पण दोन गोष्टी. एक, सोळावा दाता चौथ्या गियरमधूनही तेवढाच जोर खातो, कारण तो सगळ्या गियरांच्या शेवटी बसला आहे. दोन, ज्या आरामासाठी दाता टाकला तो आरामच माणसाला आळशी करतो. इंजिन ओरडत नाही, म्हणून हात गियरकडे जात नाही.

"मायलेज वाढते." सपाट रस्ता, एकटा माणूस, एकसारखा वेग असेल तर थोडं वाढत असेलही. पण वारा तोच, वजन तेच. आणि आपल्या रस्त्यावर एकसारखा वेग कुठे आहे? खड्डा, ट्रक, गाय, खड्डा. दर दोन मिनिटाला गियर पाडायचा आणि पुन्हा पिळायचं. त्यात पहिला गियरही लांब झालेला, म्हणून बाजारात, रेल्वे फाटकावर अर्धा क्लच दाबून गाडी सरकवायची. पेट्रोलचे दोन रुपये वाचवायचे आणि क्लच प्लेटवर घालवायचे.

"आम्ही १६ टाकून लडाख करून आलो." अभिनंदन. पण डोकं लावा. खारदुंगला ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब खालच्या जवळपास निम्मा. इंजिनाला श्वासच पुरत नाही, जोर आधीच घटलेला. तिथे एक दाता वाढवायचा की कमी करायचा? तुम्ही जाऊन आलात ते दात्यामुळे नाही, दाता असूनही.

"मोठ्या देशात लोक करतात ना." करतात. तिकडे बड्या टूरिंग गाड्या किती तरी वेळा चेनच्या नसतातच. होंडाची गोल्डविंग, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच टूरिंग गाड्या शाफ्टवर चालतात. तिथे रेशो बदलायचा म्हणजे मागच्या चाकाजवळचा अख्खा गियरचा डबा बदलावा लागतो. मेहनत मोठी, खर्च मोठा, म्हणून करणारा आधी विचार करतो. आपल्याकडे चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात काम होतं, म्हणून विचार होत नाही. सोपं आहे हेच यातलं संकट आहे.

आणि रेशो बदलणं म्हणजे पाप आहे असं मी म्हणतच नाही. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा आणि औत जोडलं. बुलेट सांती म्हणतात त्याला. बैल परवडत नाही त्या शेतकऱ्याच्या रानात ती गाडी डवरणी करते. ते काम झालं ते वेगाचं जोरात रूपांतर करून. त्या माणसाने आधी पाहिलं की गाडीने करायचं काय आहे, मग हात लावला. आपण काय पाहतो? रील.

जे टाकूनच राह्यले, त्यांना निदान एवढं सांगतो. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट बसवू नका. घासलेली चेन नव्या दात्यांना खाते. बदलायचं तर तिन्ही बदला. पुढे एक दाता वाढला की चेन ताणली जाते, मागचं चाक थोडं पुढे घ्यावं लागतं. चेनची ढील गाडीवर माणूस बसवून तपासा, रिकाम्या गाडीवर नाही. सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणते, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. मोठं चक्र आतल्या झाकणाला घासत नाही ना, ते हाताने फिरवून पाहा. आणि ज्या गाड्यांचा वेग गिअरबॉक्सकडून मोजला जातो, त्यांचा मीटर आता खोटं बोलणार. मीटरवर ७५ दिसतील तेव्हा तुम्ही ८० वर असाल.

८० वरून आठवलं. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलची कमाल मर्यादा ताशी ८०. साध्या रस्त्यावर ६०. कंपनीच्या १५ दात्यांवर ही गाडी ८० ला काही कुरकुरत नाही. मग आपण जो आराम विकत घेतो तो कोणत्या वेगाचा? ज्या वेगाला परवानगीच नाही त्या वेगाचा. मीही तोच घेतला होता.

"मग हे बेकायदेशीर आहे का?" मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधन आहे. २०१९ च्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही घातली. पण आरसी बुकात दात्यांची संख्या लिहिलेली नसते. चौकात उभा असलेला शिपाई वाकून दाते मोजणार नाही. फटाके फोडणारा सायलेन्सर ऐकू येतो म्हणून पकडला जातो, शहरात तर रोलरखाली चिरडून फोटो निघतात. तेही बरोबरच आहे. पण आवाज करणारी चूक पकडली जाते आणि मुकी चूक सुटते. कायद्याच्या भरवशावर राहू नका. वॉरंटीचा वाद झाला तर मात्र समोरच्याच्या हातात आयतं कारण दिलेलं असेल, हे लक्षात ठेवा.

आता माझ्या धंद्याबद्दल. इथे मला स्वतःवरच दोन घाव घालायचे आहेत.

पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा शिकवलं होतं, बातमीत कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं पाहिजे. मुकुटबनात बसून मी इतकी वर्षं अपघाताच्या बातम्या लिहिल्या. सात ओळी. "भरधाव ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार जागीच ठार." कोण आलं, कुठे आलं, कधी आलं. का आणि कसं कधीच आलं नाही. ट्रक भरधाव होता हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. तो शब्द बोटांतच बसला आहे. मेलेल्याच्या घरच्यांना बरं वाटतं, संपादकाला मथळा मिळतो, रस्त्यावरच्या लोकांचा राग काढायला एक ड्रायव्हर मिळतो.

त्या संध्याकाळी मी मेलो असतो तर माझ्याच पेपरात माझीच बातमी याच शब्दांत आली असती. "भरधाव बल्करच्या धडकेत पत्रकार दांपत्य ठार." तो बल्कर ५० वर होता. आणि त्याच ड्रायव्हरने आम्हाला वाचवलं.

म्हणून इथे लिहून देतो. यापुढे माझ्या बातमीत "भरधाव" हा शब्द कोणी वेग मोजल्याशिवाय येणार नाही. आला तर हा स्क्रीनशॉट माझ्या तोंडावर मारा.

पण थांबा. ट्रकवाल्यांना सोडलं आणि पोट्ट्यांना झोडपलं, असं समजून कोणी खूश होऊ नका. या गोष्टीत एक तिसराही आहे. रस्ता.

आपल्या झरी जामणी तालुक्याच्या पोटात काय काय आहे? कोळसा, चुनखडी, डोलोमाइट. रेल्वे आपल्या गावातून जाते, तरी रस्त्यावर रात्रंदिवस हायवा, ट्रेलर, बल्कर असतातच. मी कारखान्याच्या विरोधात नाही. आपल्या पोरांना काम पाहिजे. पण एवढं वजन ज्या रस्त्यावरून जातं तो रस्ता आहे दोन पदरांचा, आणि त्याच दोन पदरांवर शाळेची ऑटो, कापसाची बैलगाडी, मोपेडवरच्या आशाताई आणि साडेतीनशे किलोची माझी हिमालयन. ट्रक ५० ने चालला की त्याच्यामागे रांग लागते. रांगेतल्या प्रत्येकाला कधी ना कधी धीर सुटतो. ओव्हरटेक हा इथे शौक नाही, रोजची गरज आहे.

आणि या गरजेवर उत्तर कोण शोधून राह्यलं? गॅरेज. रस्त्याचा प्रश्न आपण नटबोल्ट पाना घेऊन सोडवायला निघालो. कोणी दाते वाढवतो, कोणी हॉर्न बदलतो, कोणी डोळे दिपवणारे लाइट लावतो. प्रत्येकाला वाटतं आपली गाडी थोडी बदलली की आपण सुटलो. ज्यांच्या ताब्यात रस्ता आहे त्यांच्या हे पथ्यावरच पडतं. लोक गॅरेजात जाऊन राह्यले ना, ऑफिसात येऊन नाही राह्यले, मग ठीकच आहे.

सरकारचंही दात्यांचं गणित आपल्यासारखंच आहे. नागपूर-मुंबई समृद्धी ७०१ किलोमीटर. दिमाखदार रस्ता. त्यावर मोटरसायकलला परवानगीच नाही. पांढरकवड्यातून जाणारा ४४ नंबर, एक टोक श्रीनगर, दुसरं टोक कन्याकुमारी. रुंद, गुळगुळीत. दाखवायला टॉप स्पीड भरपूर आहे. पण मुकुटबनहून त्या हायवेपर्यंत पोचायचं, बाळंतीणीला वणीला न्यायचं, कापूस जिनिंगला न्यायचा, त्या पहिल्या-दुसऱ्या गियरच्या कामासाठी जोर कुठे आहे? हायवेच्या स्वप्नासाठी रेशो लावायचा आणि गावाच्या रस्त्यावर दम सोडायचा, हे माझ्या गाडीने केलं तेच आहे.

म्हणून मागणी काय ते स्पष्ट लिहितो. मोघम "रस्ता चांगला करा" म्हणून काही होत नाही.

एक. वणी-मुकुटबन आणि मुकुटबन-पाटणबोरी या रस्त्यांवर ठरावीक अंतरावर ओव्हरटेकसाठी तिसरा पदर द्या. सगळा रस्ता चौपदरी करायला जमीन नाही, पैसा नाही, हे उत्तर आम्हाला माहीत आहे. स्वीडनमध्ये कितीतरी रस्त्यांवर हाच उपाय केला. तीन पदर, मधला पदर आळीपाळीने एकदा इकडच्यांना, एकदा तिकडच्यांना, मध्ये तारेचं कुंपण. ओव्हरटेकची जागा ठरलेली असल्यामुळे समोरासमोरच्या धडका आणि मृत्यू खूप घटले. आम्हाला कुंपणही नको, सुरुवातीला चढावर आणि लांब सरळ तुकड्यांवर जास्तीचा पदर द्या. पुढे जागा आहे हे माहीत असलेला माणूस दोन किलोमीटर धीर धरतो.

दोन. कडेची माती पक्की करा आणि पांढरा पट्टा दिसेल असा मारा. रात्री बैलगाडीवाला आणि सायकलवाला तिथूनच चालतो.

तीन. पैसा कुठून? २०१५ च्या खाण कायद्याच्या दुरुस्तीनंतर खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणींकडून त्यात रक्कम जमा होते. रस्ते त्या कामांच्या यादीत बसतात. पाणी, दवाखाना, शाळा आधी, हे मान्य. पण ग्रामसभेत ठराव तर घ्या. येत्या ग्रामसभेला मी अर्ज लिहून आणतो, सह्या तुम्ही करा. किती जण येतात ते पाहतो.

गॅरेजवाल्या भावांना एक विनंती. तुमच्या पोटावर मी पाय देत नाही. बदलून द्या, पण बिलावर लिहा: पुढे किती दाते होते, किती केले. आणि गिऱ्हाइकाला एक वाक्य सांगा, "ओढ कमी होईल, ओव्हरटेकला गियर पाडूनच जा." माझ्या मिस्त्रीने हे वाक्य सांगितलं असतं तर कदाचित मी ऐकलंही नसतं. पण सांगायला पाहिजे होतं.

आणि पोट्टेहो, तुम्हाला. मी गेल्या महिन्यात पुन्हा १५ चं बसवलं. १४ चं नाही. चिखल, डोंगर हाच ज्याचा रोजचा रस्ता, त्याने १४ चा विचार करावा. त्यात इंजिन जास्त फिरेल, हायवेला जास्त ओरडेल, हेही समजून घ्यावं. माझ्यासाठी कंपनीचे १५ बरोबर आहेत. हँडलला ८५ च्या वर अजूनही मुंग्या येतात. आता मी त्या मुंग्यांना गाडीचा निरोप समजतो. ती म्हणते, बस झालं, कमी कर. मी कमी करतो.

बायको पुन्हा मागे बसायला लागली, पण वणीहून येताना बल्कर दिसला की अजून खांदा घट्ट धरते. कायर आलं की दोघंही गप्प होतो.

वाढवायचाच असेल तर दाता नको, रस्त्याला एक पदर वाढवा. त्यासाठी ग्रामसभेला या. सोळा दातेवाले आधी या, मी पुढच्या रांगेत जागा धरून ठेवतो.